रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे आणि त्यांची विसरलेली मागणी

दर रविवारी सकाळी आपण विहारात वंदनेला जमतो. मुलं धम्मवर्गाला बसतात, महिला मंडळाची बैठक होते, कोणाचं साक्षगंध, कोणाचं नामकरण, सगळं रविवारीच ठरतं. रविवार मोकळा असतो म्हणून हे जमतं. सरकारी कचेऱ्यांना हा वार पूर्वीपासून मोकळा होता, पण गिरणीत राबणाऱ्या माणसाला तो नव्हता. त्याला तो १० जून १८९० रोजी मिळाला आणि मिळवून देणारे होते रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे. आता एवढं पुष्कळांना ठाऊक झालं आहे. दरवर्षी १० जूनला मोबाईलवर त्यांचा फोटोही फिरतो.

पण ह्याच लोखंड्यांनी सुट्टीच्या जोडीला आणखी एक गोष्ट मागितली होती आणि ती फारशी कोणाला आठवत नाही. आपल्या वस्तीत गवंडी आहेत, बिगारी आहेत, सेंट्रिंगवाले, फिटर, रंगारी आहेत. सकाळी नाक्यावर उभं राहून मुकादमाची वाट बघणाऱ्या आयाबहिणी आहेत. त्यांच्या घरांसाठी ती मागणी सुट्टीपेक्षा मोठी आहे. म्हणून ह्या स्मरणिकेत त्यांचं चरित्र त्या बाजूने सांगावं असं वाटलं.

नारायणरावांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घर फुलमाळ्याचं, परिस्थिती गरिबीची. ह्याच १८४८ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. नारायणराव इंग्रजी शाळेत शिकले, पण घरची ओढाताण असल्यामुळे लवकरच नोकरीला लागले. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात आणि पुढे मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून.

स्टोअरकीपरची जागा म्हणजे ना धड साहेबाची, ना धड कामगाराची. तो टेबलाशी बसतो, हिशेब ठेवतो, पण तेल, पट्टे, सुटे भाग न्यायला प्रत्येक खात्याचा माणूस त्याच्याच दाराशी येतो. कोणत्या खात्यात काय तुटलं, काय बदललं, हे त्याच्या वहीत आपोआप उमटतं. अशा जागी बसलेल्या माणसाला गिरणीचं पोट आतून दिसतं. नारायणरावांना ते दिसलं आणि ते गप्प बसले नाहीत.

तेव्हाची गिरणी कशी होती ते थोडं सांगतो. विजेचे दिवे नव्हते, म्हणून काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून पाळीही मोठी, तेरा-चौदा तासांपर्यंत. आठवड्याची सुट्टी नाही. सणावाराला गिरणी बंद असली तरी यंत्रं पुसायला माणसं बोलावली जात. जेवायला ठरलेली वेळ नाही. पगार दीड-दोन महिने अडकवून ठेवत, म्हणजे माणूस सोडून जाऊ शकत नसे. आणि सगळं कापसाच्या धुळीत, फिरत्या पट्ट्यांच्या आणि दात्याच्या चक्रांच्या मधे. धोतराचं टोक, लुगड्याचा पदर, सैल बाही, कशालाही पट्टा ओढून घेई. हात गेला की त्या माणसाचं नाव मस्टरवरून जाई आणि जॉबर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आणून उभा करी. मालकाला वाटलं तर तो चार रुपये हातावर ठेवी. नाही वाटलं तर काहीच नाही.

मग कायदा नव्हता का? होता, पण कसा ते बघा. १८५५ सालच्या एका कायद्याने, दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना नुकसानभरपाईचा दावा लावता येत होता. पण दिवाणी कोर्टात जायचं, वकील द्यायचा आणि मालकाची चूक शाबीत करायची. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत मालकाच्या हाती तीन पळवाटा होत्या: कामगार स्वतःच निष्काळजी होता, चूक त्याच्या जोडीदार कामगाराची होती, किंवा धोका माहीत असूनच तो कामाला आला. बिनपगारी, एका हाताचा माणूस ह्या तिन्ही पळवाटा बुजवून दावा जिंकणार कसा? १८८१ साली फॅक्टरी कायदा आला. शंभर आणि त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांना तो लागू होता. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावं, अपघात झाला तर कळवावा, सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, एवढं त्यात होतं. जखमी झालेल्या माणसाच्या पोटाचं काय, ह्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

इथे नारायणरावांची सत्यशोधक बाजू सांगायला हवी, कारण त्यांची कामगार चळवळ तिथूनच निघाली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला आणि मुंबईत त्याचं काम उभं करणाऱ्यांत नारायणराव पुढे होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेलं दीनबंधु हे पत्र पैशाअभावी अडचणीत आलं, तेव्हा १८८० साली नारायणरावांनी ते मुंबईला आणून चालवलं. नोकरी सांभाळून पत्र चालवणं म्हणजे काय, ते ज्यांनी साधी भित्तिपत्रिका काढली आहे त्यांना विचारा.

ह्या चळवळीत बांधकामाच्या धंद्यातली माणसं पुष्कळ होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा अशा कामांशी त्यांचा संबंध होता. मुंबईत समाजाच्या पाठीशी उभे राहिलेले रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळोजी काळेवार हे तेलुगू पुढारीही कंत्राटदारीच्या धंद्यातले. मुंबईच्या मोठमोठ्या इमारती ज्या कामाठी मजुरांनी उभारल्या, त्यांच्यातूनच ही मंडळी वर आली होती. दगड फोडणारा, चुना मळणारा माणूस कसा जगतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. कंत्राटदारांच्या पैशावर चाललेली चळवळ मजुराची बाजू घेते, हे आज नवल वाटेल. पण ते तसं होतं.

नारायणराव आणि जोतीराव यांचं सगळं गोडच होतं असं मात्र नाही. जोतीरावांचा शेतकऱ्याचा असूड दीनबंधुत छापायला घेतला आणि सुरुवातीची प्रकरणं छापून नारायणराव थांबले. सरकारचा रोष होईल असं त्यांना वाटलं असावं. जोतीराव चिडले आणि त्यांनी ते कडक शब्दांत लिहूनही ठेवलं. चरित्र सांगताना हे झाकू नये. नारायणराव अर्ज-विनंत्यांच्या वाटेने जाणारे, सरकारशी बोलून काम करून घेणारे गृहस्थ होते. ह्या स्वभावाची मर्यादा होती आणि ताकदही होती. ताकद १८८४ साली दिसली.

त्या वर्षी मुंबई सरकारने फॅक्टरी कायद्याची पाहणी करायला एक कमिशन नेमलं. अध्यक्ष होते मुंबईचे कलेक्टर मुलॉक. मालकांचं म्हणणं मांडायला मालकांची संघटना होती. कामगारांच्या बाजूने बोलणारं कोण? नारायणरावांनी परळला सुपारीबागेत कामगारांच्या सभा भरवल्या. २३ सप्टेंबर १८८४ ची सभा ही हिंदुस्थानातल्या कामगारांची पहिली मोठी सभा समजतात. सभांत मागण्या ठरल्या, निवेदन तयार झालं, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या आणि ते कमिशनपुढे गेलं. मुंबई गिरणी कामगारांचा संघ, ज्याला बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन म्हणतात, तो ह्याच चळवळीतून उभा राहिला. नारायणराव त्याचे अध्यक्ष.

मागण्या अशा होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. आणि ह्यांच्याच बरोबर, कामावर असताना कामगाराला गंभीर इजा झाली तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या उपजीविकेची योग्य सोय व्हावी.

ही शेवटची मागणी दोनदा वाचा. चूक कोणाची, हे त्यात विचारलेलं नाही. निष्काळजीपणा होता का, जोडीदार चुकला का, धोका माहीत होता का, ह्यातलं काहीही नाही. कामावर असताना लागलं, एवढं पुरे. मालकाच्या तिन्ही पळवाटा त्या एका वाक्याने बंद होत होत्या. जगात त्या वेळी हा विचार किती नवा होता ते बघा. कामावरच्या अपघातासाठी विम्याचा कायदा जर्मनीत झाला तो जुलै १८८४ मध्ये, म्हणजे परळच्या सभेच्या दोनच महिने आधी. इंग्लंडमध्ये चूक शाबीत न करता भरपाई देणारा कायदा यायला १८९७ साल उजाडलं. राणीच्या देशातल्या कामगाराला जे अजून मिळालं नव्हतं, ते परळचा कामगार मागत होता. नंतरच्या काही अभ्यासकांनी ह्या संघाला नीट सभासद नव्हते, निधी नव्हता, घटना नव्हती, म्हणून ती खरी युनियन नव्हे असं म्हटलं आहे. असेल. पण साडेपाच हजार लोकांच्या सह्या हवेतून येत नाहीत.

कमिशनचा अहवाल झाला आणि सरकारने काही केलं नाही. नारायणरावांनी चिकाटी सोडली नाही. १८८९ साली पुन्हा निवेदन गेलं. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही उभ्या राहून बोलल्या. त्या काळात बाईने दहा हजारांपुढे बोलायचं, हे आजही वाचताना अंगावर रोमांच येतात. दीड महिन्याने, १० जून १८९० रोजी, मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने नवीन फॅक्टरी कमिशन नेमलं तेव्हा मुंबईच्या कामगारांतर्फे नारायणरावांना त्यात बसवलं. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, मधली विश्रांती आली, बायकांच्या आणि मुलांच्या कामाचे तास कमी झाले.

जखमी कामगाराची मागणी मात्र मागेच राहिली. सुट्टी दिली तर मालकाचा एक दिवस जातो आणि ताजा झालेला माणूस सोमवारी कामाला येतो. तुटलेल्या हाताचा पैसा देण्यात मालकाला परत काही मिळत नाही. माझ्या मते ती मागे पडण्याचं कारण एवढंच आहे.

बाकीचं त्यांचं काम इथे थोडक्यात. विधवांचं केशवपन करणार नाही असं न्हाव्यांनी ठरवावं म्हणून १८९० साली मुंबईत त्यांची सभा भरवण्यात नारायणराव होते. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमान दंगा उसळला, तेव्हा राणीच्या बागेत दोन्ही समाजांचा एकोप्याचा मेळावा घडवून आणायला त्यांनी पुढाकार घेतला. सरकारने त्यांना रावबहादूर केलं, जस्टिस ऑफ द पीस केलं. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवीत प्लेग शिरला. लोक मुंबई सोडून पळत होते. नारायणराव राहिले, रोग्यांसाठी इस्पितळ उभं करण्यात गुंतले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. वय पन्नासच्या आत. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. भारत सरकारने २००५ साली नारायणरावांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं, आणि परळच्या कामगार शिक्षण संस्थेला त्यांचं नाव आहे.

आता त्या मागणीचं पुढे काय झालं ते सांगतो.

नारायणराव गेल्यावर सव्वीस वर्षांनी, १९२३ साली, कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. परळच्या सभेपासून मोजलं तर जवळजवळ चाळीस वर्षं. त्याच १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत वकिली सुरू केली. पुढे १९४२ ते १९४६ ह्या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगार, खाणी आणि केंद्राचं बांधकाम खातंही त्यांच्याकडे होतं. १९४३ साली त्यांनी युद्धात जखमी होणाऱ्या कामगारांच्या भरपाईचा कायदा केंद्रीय विधिमंडळात मांडला. मालकाने भरपाई द्यायची आणि त्यासाठी सरकारी विमा घ्यायचाच, अशी ती योजना होती. मालक बुडाला तरी कामगार बुडू नये, हा त्यातला विचार. त्याच वर्षी डिसेंबरात ते धनबाद भागातल्या कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरून कामगारांची स्थिती पाहून आले.

१९२३ चा कायदा बांधकाम मजुराला मात्र पुरता पोचला नाही. इमारत ठराविक उंचीची असली तरच, अशी अट होती. घरमालकाने स्वतःच्या घरासाठी चार दिवस लावलेला गवंडी नैमित्तिक कामाचा म्हणून वगळला जाई. ती अट २००० साली गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा संपून त्यातली भरपाई सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली आहे. आणि इतकी वर्षं उलटल्यावर हिशेब काय आहे? मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग आणि कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर साठ टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. वय कमी तेवढा आकडा मोठा. काही काळापुरतं अंथरूण धरावं लागलं तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचे पंचवीस टक्के. म्हणजे महिन्याला अर्धा पगार! उपचाराचा खर्च मालकाकडून वेगळा मिळतो, हे खरं. पण नारायणरावांनी १८८४ साली बरा होईपर्यंत पूर्ण पगार मागितला होता. ते मागणं अजून अर्धंच पुरं झालं आहे.

आणि हे अर्धंसुद्धा आपल्या माणसांच्या हाती पडत नाही. परांचीवरून माणूस पडतो, ठेकेदार दवाखान्यात धावतो, दोन दिवस फार गोड बोलतो. मग दिवसकार्याच्या आधी कोणीतरी मध्यस्थ घरी येतो, नोटांचं पुडकं ठेवतो आणि स्टँपपेपरवर बाईचा अंगठा घेतो. त्या कागदाला घाबरू नका. मृत्यूची भरपाई सरकारी अधिकाऱ्याकडे भरावी लागते. परस्पर घरच्यांच्या हातात दिलेला पैसा कायद्याने भरपाई धरला जात नाही आणि हक्क सोडल्याचा करार चालत नाही. तो प्यायला होता, त्याने पट्टा लावला नव्हता, असं म्हणतात. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ह्या सबबींवर भरपाई नाकारता येत नाही. मुकादम पळाला, ठेकेदार सापडत नाही, असं झालं तर ज्याच्या धंद्याचं ते काम होतं त्या मुख्य मालकाकडे, म्हणजे बिल्डरकडे मागता येतं. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर वर बारा टक्के व्याज आणि दंडही लागू शकतो. मागणी मात्र अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावायला हवी.

वकिलाचा खर्च कुठून आणायचा, म्हणून पुष्कळजण घरी बसतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० साली बौद्ध झालेल्यांचाही अनुसूचित जातीत समावेश झाला, तेव्हा आपल्याला ही दारं उघडी आहेत. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते आणि १५१०० ह्या नंबरवर फोनही करता येतो. नोंदणीकृत बांधकाम कामगाराला कल्याण मंडळाची मदत मिळते ती वेगळी. मालकाची भरपाई बुडवायला ती कारण होत नाही. नोंदणीसाठी वय अठरा ते साठ आणि मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवसांचं काम दाखवावं लागतं.

अपघात झाला की त्याच दिवशी केसपेपरवर कामावर पडल्याची नोंद करून घ्या. पोलिसांकडे जबाब झाला असेल तर त्याची नक्कल मागा. साइटवरच्या बोर्डाचा फोटो काढा, त्यावर बिल्डरचं आणि ठेकेदाराचं नाव असतं. बरोबर काम करणाऱ्या दोघांची नावं, गावं लिहून ठेवा, कारण काम संपलं की ही माणसं कुठच्या कुठे पांगतात. मजुरी फोनवरून जमा होत असेल तर ते मेसेज पुसू नका. मजुरी किती होती हे त्यावरूनच शाबीत होतं आणि भरपाईचा आकडा त्या मजुरीवरूनच निघतो.